कॉर्डिलाइन लावताय? आधी पाणी बघा

पहिला पाऊस पडून गेला की हैदराबादेत झाडंवाल्यांच्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागतात. चेवेल्ला रस्ता काय, शामीरपेट रस्ता काय, कडेच्या नर्सऱ्यांत रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. तिथे हमखास नजर खिळते ती कॉर्डिलाइनवर. लांबट रुंद पानं, त्यांत गुलाबी, किरमिजी, तांबडा, हिरवा असे रंग; फुलांची वाट बघायला नको, पान हेच फूल. माणूस भुलतो, सगळ्यांत जास्त गुलाबी दिसेल ते रोप उचलतो, आणि पुढच्या एप्रिलात त्याच्याकडे टोकं करपलेला एक दांडा उरतो. मग ‘आपल्या हाताला यशच नाही’ म्हणून तो बागकामाचा नाद सोडतो.

हाताला नावं ठेवू नका. बहुतेक वेळा वाण चुकलेलं असतं आणि पाणी चुकलेलं असतं. ही दोन जमली तर कॉर्डिलाइन आपल्या घरबागेतल्या सोशिक झाडांपैकी एक आहे. एका जागी वर्षानुवर्षं उभं राहतं, फारसं मागत नाही. काचीगुड्याच्या किंवा सुलतान बाजारच्या जुन्या घरात अजून अंगण राखून असलेल्यांना आणि मियापूर-निजामपेटच्या फ्लॅटमध्ये चार कुंड्यांची बाल्कनी सांभाळणाऱ्यांना, दोघांनाही माझं सांगणं एकच. रोप निवडताना रंग शेवटी बघा, आणि रोप घरी आणण्याआधी ते कुठल्या पाण्यावर वाढणार हे ठरवून टाका.

आधी वाणाचं बोलू. नर्सरीत जाऊन ‘कॉर्डिलाइन द्या’ म्हणालात तर समोरचा बहुधा गोंधळेल. ‘ड्रेसिना महात्मा’ म्हणा, लगेच बोट दाखवेल. हे नाव धंद्यात इतकं रुळलेलं आहे की ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नये. पण घेणाऱ्याला मात्र माहीत हवं की ‘महात्मा’ हा ड्रेसिना नव्हे, ते कॉर्डिलाइनचंच एक वाण. दोघं भाऊबंद आहेत, तरी सवयी वेगळ्या. ड्रेसिना खोलीच्या कोपऱ्यात, कमी उजेडात, चार दिवस पाणी विसरलात तरी तग धरतो. कॉर्डिलाइनला उजेड हवा आणि मुळाशी ओल हवी. शंका आली तर कुंडी कलती करून एखादं मूळ बघा: पांढरं असेल तर कॉर्डिलाइन, पिवळट-नारिंगी असेल तर ड्रेसिना.

‘महात्मा’चं पान रुंद असतं, तांबूस किरमिजी, मधूनच हिरवट झाक मारणारं. भडक नाही. म्हणूनच नर्सरीत ते मागच्या रांगेत असतं आणि पुढे मांडलेली असतात ती गुलाबी-पांढऱ्या पट्ट्यांची नाजूक वाणं. त्या पट्ट्यांत हिरवा भाग कमी, म्हणजे झाडाला अन्न तयार करायला जागाच कमी. अशी झाडं सावकाश वाढतात, लवकर भाजतात आणि एकदा भाजली की सावरायला फार वेळ घेतात. याउलट ‘महात्मा’ कुठे लावलेला दिसतो ते बघा: मोठ्या वसाहतींच्या कमानीपाशी, कार्यालयांच्या आवारात, जिथे माळी रोज फिरकत नाही अशा कडेला. बागेचा ठेका घेणाऱ्याला मेलेली रोपं पदरचे पैसे घालून बदलून द्यावी लागतात. तो नाजूक वाण घेईल कशाला? कुठल्याही पुस्तकापेक्षा त्याच्या निवडीवर माझा विश्वास जास्त आहे.

परदेशी पुस्तकांत किंवा बियांच्या पाकिटांवर ‘काटक कॉर्डिलाइन’ असं लिहिलेलं आढळतं, ते मात्र वेगळंच झाड. त्याचं नाव कॉर्डिलाइन ऑस्ट्रेलिस. मूळचं न्यूझीलंडचं, उंच वाढणारं, तलवारीसारख्या अरुंद पानांचं. माओरी लोक त्याला टी कौका म्हणतात. त्याच्या पानांचे ते दोर वळत आणि विणकाम करत, त्याचं खोड आणि मुळं भाजून खात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ते इतकं लावलं गेलं की तिकडचे लोक त्याला टॉर्बेचा ताड म्हणतात, ताडाशी काही संबंध नसताना. तिथे काटक म्हणजे शून्याखालची थंडी आणि बर्फ सोसणारं. आपल्याला त्याचा काय उपयोग? हैदराबादेत नोंदलेलं सगळ्यांत कमी तापमान ६.१ अंश, तेही जानेवारी १९४६ मधलं. आपली परीक्षा दुसऱ्या टोकाला असते: २ जून १९६६ ला इथे पारा ४५.५ वर गेला होता, आणि चाळिशी तर दर उन्हाळ्यात ओलांडते. तेव्हा ‘हार्डी’ अशी पाटी बघून ऑनलाइन रोप किंवा बी मागवू नका. थंड देशातली काटक झाडं आपल्या मे महिन्यात काटक राहत नाहीत.

आपल्याकडचं नेहमीचं कॉर्डिलाइन, म्हणजे फ्रुटिकोसा, हे आग्नेय आशिया आणि पॅसिफिक बेटांकडचं. उबदार, दमट हवेतलं. त्यामुळेच मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात ते कुंपणाला लावून विसरलं तरी वाढतं. देवगिरी एक्सप्रेसने हैदराबादला आलेले पाहुणे आपल्या करपलेल्या कुंडीकडे बघून हसतात आणि ‘आमच्याकडे तर काहीच करावं लागत नाही’ असं ऐकवतात. त्यांचं खरं आहे, पण तो सल्ला इथे चालवू नका. एप्रिलच्या दुपारी हैदराबादच्या हवेत आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते, वारा कोरडा आणि तापलेला, कंपाउंडच्या सिमेंटच्या भिंती रात्री उशिरापर्यंत गरम. कोकणातल्या झाडाला उष्णता माहीत असते, पण ही कोरड माहीत नसते.

तरीही सांगतो, ऊन इथे मुख्य शत्रू नाही. उन्हाला जागा बदलून, जाळी लावून उत्तर देता येतं. पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळणं ही जी सगळ्यांची तक्रार, तिच्या मागे पुष्कळदा पाणी असतं.

कॉर्डिलाइनला फ्लोराइड सोसत नाही. पाण्यातला फ्लोराइड मुळांतून वर चढतो, पानाच्या टोकाला आणि कडेला साठत जातो, आणि तिथल्या पेशी मरतात. टोक आधी करड्या-तपकिरी रंगाचं होतं, मग कडेकडेने डाग खाली सरकतो. पाणी कमी पडलं असेल म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि त्याच पाण्यातून आणखी फ्लोराइड देतो. आपला प्रदेश ग्रॅनाइटवर वसलेला आहे, आणि ग्रॅनाइटच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यात फ्लोराइड उतरतो. शेजारच्या नलगोंडा जिल्ह्याने त्याची किंमत माणसांच्या वाकलेल्या हाडांनी मोजली आहे. पाण्यातला फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढायची जी स्वस्त रीत आहे तिला जगभर ‘नलगोंडा पद्धत’ म्हणतात, आणि ती नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७० च्या दशकात बसवली. हे दुखणं एकट्या तेलंगणाचं नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या वाचकांनाही ते परकं नाही.

म्हणजे तुमच्या बोअरमध्ये फ्लोराइड आहेच असं मी म्हणत नाही. एका गल्लीतल्या दोन बोअरच्या पाण्यातही फरक असतो. आणि टोकं करपण्याला इतर कारणंही असतात: पाण्यातले क्षार, कोरडी हवा, जास्त खत. कुंडीच्या कडेला आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर जमतो तो क्षारांचा. फ्लोराइड मात्र डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतो, पर्याय नसेल तर दीड, असं आपलं भारतीय मानक सांगतं. कॉर्डिलाइनला मात्र तो एक मिलिग्रॅमही जाचतो. त्यामुळे पान करपलं म्हणून घाबरून जाऊ नका, आणि पान हिरवं आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. घरातली माणसं बोअरचंच पाणी पीत असतील तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये पाण्याची तपासणी होते. झाडाच्या निमित्ताने झाली तरी ही तपासणी माणसांच्या कामाची.

मग झाडाला कोणतं पाणी द्यायचं? नळाचं चालेल. १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर इथे उस्मानसागर जलाशय बांधला गेला, तो १९२० चा. मग १९२७ मध्ये हिमायतसागर. ‘गंडीपेटचं पाणी’ म्हणून जुने हैदराबादी अजून ज्याचं कौतुक करतात ते उस्मानसागरचंच. पुढे शहर वाढलं तसं मंजिरा, कृष्णा, गोदावरी अशा नद्यांचं पाणी आलं. ही मंजिरा म्हणजे आपली बीड-लातूरची मांजरा, हे इथल्या मराठी माणसाला सांगायला नको. जलाशयाचं पाणी खडकात मुरून बसलेलं नसतं, त्यामुळे ते बोअरपेक्षा पुष्कळ सौम्य. अडचण वेगळीच आहे. अपार्टमेंटच्या जमिनीखालच्या टाकीत मंजिराचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी एकत्र होतं. बाल्कनीतल्या नळाला त्यातलं नेमकं काय येतं हे वॉचमनलाच विचारा. सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून सकाळी घालायची पद्धत घरोघरी आहे. त्याने क्लोरीन उडून जातो, हे खरं. फ्लोराइड मात्र तसाच राहतो, क्षारही तसेच राहतात. उकळलंत तर पाणी आटतं आणि ते उलट जास्त दाट होतात.

दुसरी पद्धत याहून घातक, आणि ती चांगल्या हेतूने आलेली आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरांत ते झाडांना घालतात. आरओ चांगलं पाणी एका बाजूला काढतो, म्हणजे उरलेले सगळे क्षार आणि फ्लोराइड दुसऱ्या बाजूला एकवटतात. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. निदान कॉर्डिलाइनला तरी कृपा करून घालू नका. त्याच घरातल्या एसीच्या नळीतून मात्र जे पाणी ठिबकतं ते हवेतल्या वाफेचं, जवळजवळ क्षार नसलेलं. मे महिन्यात दिवसभर एसी चालला तर त्याखाली ठेवलेली बादली भरते. झाडाला नळाचं पाणी रोज देत असाल तर मधूनमधून हे मिसळा. एका घरात ही दोन्ही पाणी असतात, आणि लोक नेमकं उलटं करतात: आरओचं झाडाला, एसीचं गटारात.

सगळ्यांत उत्तम पावसाचं. हैदराबादेत सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास. शंभर गजांच्या गच्चीवर, म्हणजे साधारण ८४ चौरस मीटरवर, वर्षात ६५ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. त्यातलं चार ड्रम साठवायला काय हरकत आहे? गच्चीच्या पाइपाखाली २०० लिटरचा एक ड्रम मांडला तर दहा कुंड्यांना रोज लिटरभर धरलं तरी तो वीस दिवस पुरतो. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी गच्ची धुऊन जाऊ द्या, नंतरचं धरा. ड्रमच्या तोंडाला दाट कापड घट्ट बांधा, कारण डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला तो १८९७ साली, आपल्या सिकंदराबादेत. या गावाने तरी डासाला हलक्यात घेऊ नये.

ज्यांना बोअरवाचून इलाजच नाही, त्यांनी वर्षातून एकदा, भर पावसाळ्यात, कुंड्या उघड्यावर ठेवून पावसाने मुळापर्यंत धुऊन घ्याव्यात. खालच्या छिद्रातून पाणी खळखळून बाहेर पडू द्यायचं, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं, नाहीतर ते परत वर चढतं. आणि खतात सिंगल सुपर फॉस्फेट अजिबात नको; त्यात खनिजातून आलेला फ्लोराइड असतोच. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, यांच्यावर कॉर्डिलाइन छान भागवतं. नर्सरीवाले ‘स्पेशल’ म्हणून जी खताची पुडी हातात ठेवतात ती मुकाट परत करा.

पाण्याचा निकाल लागला की बाकीचं सोपं आहे.

जागा पूर्वेची निवडा. सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं ऊन पानाला रंग चढवतं. त्यानंतर भिंतीची किंवा मोठ्या झाडाची सावली यायला हवी. आंब्याखाली, नारळाखाली, पारिजातकाच्या कडेला ते खुलतं. पार अंधाऱ्या जागी ठेवलंत तर किरमिजी पानं हिरवट होतात, दांडा लांबुळका आणि कमरेत वाकलेला होतो. पश्चिमेच्या भिंतीला लावूच नका, मग तो ‘महात्मा’ असला तरी. बाल्कनी पश्चिमेची असेल तर रेलिंगला ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, किंवा सरळ दुसरं झाड निवडा. हट्टाने काही मिळत नाही. आणि दिवाणखान्यात, एसीच्या झोताखाली शोभेला ठेवायचं हे झाड नाही, नर्सरीवाल्याने कितीही ‘इनडोअर’ म्हणून सांगितलं तरी.

घेण्याची वेळही बघा. आपल्याकडची पुष्कळशी रोपं गोदावरीच्या खोऱ्यातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून येतात, राजमहेंद्रीजवळून. तिथली हवा दमट, पाणी भरपूर. तिथून लॉरीत बसून चारशे किलोमीटर आलेलं रोप एप्रिलात हैदराबादच्या कोरड्या हवेत उतरवलं तर ते पहिल्याच आठवड्यात पानं टाकतं. म्हणून मृग लागला की घ्या, जुलै-ऑगस्ट तर उत्तमच. घरी आणल्यावर लगेच उन्हात मांडू नका. पंधरा दिवस सावलीत राहू द्या, मग हळूहळू सकाळच्या उन्हात सरकवा.

जमिनीत लावायचं असेल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा पुरे. आपल्याकडे वरची तांबडी माती वीतभर निघाली की खाली मुरूम लागतो. तो फोडून बाहेर टाका, नाहीतर पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं आणि मूळ कुजतं. भरताना दोन वाटे तांबडी माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा जाड वाळू. नर्सरीवाला तेलुगू असेल तर ‘एर्र मट्टी’ आणि ‘पशुवुल एरुवु’ मागा. भाव निदान सरळ सांगेल. काळी रेगडी माती घालू नका, ती पाणी धरून बसते. कुंडीसाठी हेच मिश्रण, फक्त थोडं कोकोपीट जास्त, आणि कोकोपीट वापरण्याआधी एक-दोन पाण्यांनी धुऊन घ्या, कारण त्यातही मीठ असतं. कुंडी बारा इंचांहून लहान नको. मातीची कुंडी दिसायला छान आणि मुळाला थंड, पण उन्हाळ्यात फार लवकर सुकते. फ्लॅटमधल्यांना प्लॅस्टिकची सोयीची पडेल.

रोज ठरावीक तांब्याभर पाणी घालायची सवय सोडा. बोट दोन पेरं मातीत घाला. वरचं पेर कोरडं आणि खालचं ओलं असेल तर थांबा. दोन्ही कोरडी लागली तर भरपूर घाला. पावसाळ्यात आठवडाच्या आठवडा पाणी लागत नाही. हिवाळ्यात पारा बारा-तेराच्या खाली उतरू लागला की वाढ थांबते, तेव्हाही हात आखडता घ्या आणि खत बंद करा.

उन्हाळ्याची तयारी पाडव्याच्या आत झाली पाहिजे. आपला पाडवा आणि इथली उगादी एकाच दिवशी. तोपर्यंत ऊन टोचायला लागलेलं असतं, पण झाड अजून ताजं असतं. बुंध्याशी तीन-चार बोटं जाड पालापाचोळा पसरा, नारळाच्या शेंड्या असतील तर त्याहून बरं. मात्र खोडाला चिकटवू नका. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, त्यांच्यामध्ये ओल टिकते. पाणी सकाळी लवकर. दुपारी पानांवर बोअरचं पाणी शिंपडू नका. ते वाळून पांढरे डाग पडतात आणि झाडाला काडीचा फायदा होत नाही. रोहिणी कार्तेत दगडी उखळंही तडकतात असं तेलुगू लोक म्हणतात. मेच्या अखेरचे ते दिवस आहेत. त्या पंधरवड्यात ‘महात्मा’ची एक-दोन पानं वाळली तर ती त्याची नेहमीची झीज समजा. घाईने सगळी पानं कापून झाड बोडकं करू नका, खत तर मुळीच नको. पहिला चांगला पाऊस झाला की करपलेली पानं काढा. आठ-पंधरा दिवसांत शेंड्यातून नवं पान सुरळीसारखं वर येतं, आणि ते कोवळं पान वर्षभरातलं सगळ्यांत झळझळीत असतं.

किडी फारशा नाहीत. कोरड्या उन्हाळ्यात पानाच्या पाठीवर लाल कोळी येतो, पानाची चमक जाऊन ते धुरकट दिसू लागतं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची पाठ धुवा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पानाच्या बगलेत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण समजा. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. पावसाळ्यात पानावर गोल ठिपके पडू लागले तर ते पान काढून टाका आणि झाडाभोवती हवा खेळेल असं बघा. घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. ही पानं चावली की त्यांना उलट्या होतात.

आता खरं आवाहन. ‘महात्मा’ विकत घ्यायची गरजही नाही. कॉर्डिलाइन कांडीवर येतं. पॉलिनेशियाच्या दर्यावर्दी लोकांनी ते होडीतून बेटामागून बेट करत हवाईपर्यंत नेलं. तिथे पोचलेल्या हिरव्या वाणाला बी धरत नाही, म्हणजे माणसाने कांडी लावली म्हणूनच ते तिथे आहे. महासागर ओलांडून गेलेली कांडी कोठीहून कोंडापूरला काय, सहज जाईल.

रीत साधी. तीन-चार वर्षांचं झाड उंच आणि खाली बोडकं झालं की पाऊस सुरू होताच जमिनीपासून फूटभर ठेवून छाटा. बुंध्याला दोन-तीन नवे फुटवे येतात आणि झाड भरदार होतं. वरचा शेंडा पानं निम्मी कापून सरळ कुंडीत खोचा. मधल्या दांड्याच्या बोटभर लांबीच्या कांड्या करा, प्रत्येकीवर दोन-तीन डोळे हवेत. एका पसरट कुंडीत वाळू आणि कोकोपीट भरून त्या आडव्या, अर्ध्या बुडतील अशा ठेवा, सावलीत. ओल राखा, चिखल नको. महिन्या-दीड महिन्यात डोळे फुटतात. चार पानं आली की वेगळ्या कुंडीत. एका दांड्यातून सात-आठ रोपं सहज होतात, आणि ती आपल्या हवेत, आपल्या पाण्यावर तयार झालेली असल्यामुळे कडियमच्या रोपापेक्षा आधीच काटक असतात.

दरवर्षी जून-जुलैत वसाहतींचे माळी ‘महात्मा’ची छाटणी करतात आणि ते दांडे कचऱ्याच्या गाडीत जातात. माळीबाबांना आधी सांगून ठेवा, ते आनंदाने देतील. आणि ज्यांच्या अंगणात हे झाड आहे त्यांना विनंती: या मृगाला छाटलेले दांडे टाकू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून फाटकापाशी ठेवा, सोबत एक चिठ्ठी लावा की हे सावलीत लावायचं आणि आरओचं पाणी घालायचं नाही.